दोनशे एकोणसाठ

आधीच सांगते, म्हणजे नंतर खाली प्रतिक्रियांमध्ये कुणी मला शिकवायला नको. मी शाळेत गणित शिकवते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्याकडे देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा-धुपारा नाही. स्टाफरूममध्ये कुणी अमावस्येचं काही काढलं की मी तोंडावर हसायचे. इथले अनुभवही मी आजवर टाईमपास म्हणून वाचले, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात नापास करून टाकलं. आता स्वतःवर लिहायची वेळ आलीय... हसायचं तर हसा.

२००४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. कोल्हापुरात राजारामपुरीच्या तेराव्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. घरात आम्ही दोघंच — मी आणि माझे वडील, आबा. आई आधीच गेलेली, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. जे काही घडलं ते पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या कॉम्प्युटरवर घडलं, तेही रविवारी भर दिवसा. खाली कोथिंबीरवाली ओरडत होती आणि समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. भीती वाटावी असं आसपास काहीही नव्हतं.

आबा चौऱ्याहत्तरचे. दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सांगितलेलं, पण आबा जायला तयार नसत. "कशापायी जगायचं, शैले?" हे एकच पालुपद. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी खोटं बोलायला लागले. "रिपोर्ट सुधारलाय आबा, आकडा खाली आलाय," असं सांगितलं. एके दिवशी खरा रिपोर्ट त्यांना फ्रिजवरच्या पेपराखाली सापडला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की ते आधी माझ्या तोंडाकडे बघायचे.

कोल्हापुरात सगळ्यांना आबा लक्ष्मीपुरीतले घड्याळदुरुस्तीवाले म्हणून माहीत. पण तरुणपणी ते आधी हवाई दलात आणि मग मुंबईच्या एका खाजगी चार्टर कंपनीत नॅव्हिगेटर होते. म्हणजे विमान आत्ता कुठे आहे आणि ते कुठल्या दिशेला न्यायचं, हे कागदावर मांडून पायलटला सांगणारा माणूस. कंपनी केव्हाच बुडाली. चार पंख्यांची जुनी विमानं होती त्यांची, मुंबई ते एडन आणि तिथून नैरोबी. मुंबई ते एडन साडेआठ तास, खाली नुसता समुद्र. यापेक्षा जास्त आम्हाला काही माहीत नव्हतं, कारण आबा त्याबद्दल बोलतच नसत. विमानाचा आवाज आला तरी मान वर करायचे नाहीत.

आमच्या शाळेतले सायन्सचे पाटील सर अधूनमधून आबांना भेटायला यायचे. त्यांना फ्लाइट सिम्युलेटरचं वेड. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळच तो, पण सगळं खऱ्यासारखं. खरे विमानतळ, खरी अंतरं, आणि खरोखरीच्या प्रवासाला साडेआठ तास लागत असतील तर तिथेही साडेआठ तासच. सरांनी तो आमच्या मशीनवर टाकून दिला. नेट कॅफेत बसून कुठूनतरी ते जुनं चार पंख्यांचं विमानसुद्धा उतरवून सीडीवर आणलं. "आबांचा वेळ जाईल, मॅडम," म्हणाले. मला वाटलं आबा बघणारही नाहीत. पण पडद्यावर ते विमान आलं आणि आबा खुर्ची ओढून पुढे सरकले. मग मला विचारलं,

"शैले, एकुणसाठ म्हंजे किती?"

"पाच-नऊ. का?"

"तुझी पोरं काय लिवत्यात?"

हसूच आलं मला. एकोणसाठ लिहा म्हटलं की निम्मा वर्ग सहा-नऊ लिहितो. त्यांना 'साठ' ऐकू येतं, मग आधी सहा पडतो कागदावर, त्याच्यापुढे नऊ. वीस वर्षं मी या एका चुकीवर लाल पेन झिजवलंय. तसं सांगितलं त्यांना.

"गणपा बी त्येच लिवायचा," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं.

गणपा म्हणजे गणपत, गगनबावड्याकडचा. आबांबरोबरच हवाई दलात आणि मग कंपनीत आलेला. काम रेडिओवर, पण नॅव्हिगेशनही शिकलेला. दोघे मुंबईला एकाच खोलीत राहायचे. पत्ते खेळताना गणपा गुण मांडायला बसला की एकोणसाठचे हमखास एकोणसत्तर व्हायचे आणि त्यावरून आबा त्याची टिंगल करायचे. इंग्रजीत तो कधी चुकायचा नाही. चुकायचा तो मराठीतच.

साठीच्या दशकातला एक पावसाळा. एडनच्या फेरीला आबा जायचे होते, पण अंगात ताप भरला, म्हणून गणपाला घेतलं. हिशेब आबांनी ऑफिसात बसून करून ठेवला होता. विमानाची दिशा अंशांत सांगतात — उत्तर शून्य, सरळ पश्चिम दोनशे सत्तर. एडनसाठी आबांचं उत्तर आलं दोनशे एकोणसाठ. ते त्यांनी विमानतळावर फोन करून गणपाला कळवलं.

"नियम काय? विंग्रजीत सांगायचं. येकयेक आकडा सुटा. टू, फाइव्ह, नाइन. आनि समोरच्यानं तसाच परत म्हनून दावायचा. म्या काय केलं? चेष्टा केली. म्हनलो, गणपा, दोनशे एकुणसाठ. नीट लिव, न्हायतर आफ्रिका ऱ्हाईल बाजूला. त्यो हसला. 'लिवलं की,' म्हनला आनि ठेवला फोन."

विमान एडनला पोचलं नाही. आत अठरा माणसं होती. 'ढग आहेत, तारे दिसत नाहीत, बाकी ठीक' एवढा एक निरोप आला आणि त्यापुढे काही नाही. समुद्रात शोधलं, तुकडासुद्धा मिळाला नाही. चौकशीत आबांनी आपला कागद दाखवला. त्यावर २५९ स्वच्छ लिहिलेलं. आबांची काही चूक नाही असं ठरलं. फोनवर आपण तो आकडा कुठल्या भाषेत सांगितला, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. गणपाने काय लिहून घेतलं तो कागद विमानाबरोबर गेला.

"चाळीस वर्सं झाली, शैले. त्येनं एकुणसाठ लिवलं आसंल, तर इंजन गेलं आसंल, वादळ आसंल, काय बी आसंल. आनि एकुणसत्तर लिवलं आसंल तर अठरा मानसं म्या मारली. चेष्टंत मारली."

आईलासुद्धा त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी मागितलं. मुंबईहून दोनशे एकोणसत्तरवर विमान सोड, म्हणाले. गणपाला खाली काय दिसलं असेल ते मला बघायचंय. मला ते ऐकवेना. पण मी सौदा केला — मंगळवार-शुक्रवार मुकाट्याने डायलिसिसला यायचं, रविवारी आपण विमान उडवू. आबा कबूल झाले. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

आता एक गोष्ट कबूल करते, कारण ती लपवली तर पुढच्या सगळ्यालाच अर्थ नाही. शनिवारी भाजी निवडताना माझ्या डोक्यात आलं होतं की गुपचूप आकडा बदलावा. आबांचा डोळा लागला की २६९ चं २५९ करायचं आणि म्हणायचं, बघा आबा, गणपाकाका सांगतायत, त्यांनी बरोबरच लिहिलं होतं. मग माझीच मला लाज वाटली. आबांच्या एवढ्या मोठ्या दुःखावर पोरकट नाटक करायचं? मी तो विचार सोडून दिला. खरोखर सोडून दिला.

पहिला रविवार. सकाळी सव्वाआठला सांताक्रुझहून उड्डाण. पाटील सरांनी शिकवलं होतं तसं मी विमान वर नेलं, ऑटोपायलट लावला आणि दिशेच्या छोट्या चौकटीत २६९ घातलं. तिथल्या बटणावर माऊसने एकदा क्लिक केलं की एक अंश बदलतो. मग काही करायचं नसतं... निळं पाणी आणि घरघर. आबा वेताच्या खुर्चीत, मांडीवर फळी आणि कागद, दर अर्ध्या तासाला नोंद करत होते. मी बाजूला सहामाहीचे पेपर तपासत होते. त्यांचा चेहरा बघून वाटलं, हे माझे आबा नाहीत, कुणी तरुण माणूस कामावर बसलाय.

दहाच्या सुमारास मी पाणी आणायला उठले, आले तर चौकटीत २५९. वाटलं, आपलाच हात लागला असेल. आबा कागदात डोकं घालून बसले होते, त्यांनी पाहिलं नव्हतं. मी आवाज न करता परत २६९ केलं.

अकरा वाजता आबांना डुलकी लागली. मी पेपर घेऊन दाराजवळच्या पलंगावर बसले होते, टेबलापासून सहा-सात फुटांवर. सहज मान वर केली. चौकटीतला आकडा बदलत होता. २६८... २६७... २६६. भरकन नाही. मन लावून एकेक अंश मोजत कुणीतरी फिरवावा तसा. माऊस टेबलावर पडून होता आणि पडद्यावरचा बाण भलत्याच कोपऱ्यात. २६० वर आकडा थांबला. मी श्वास धरून बसले. मग अजून एक अंश. २५९. पंख कलले, विमान वळलं आणि सरळ झालं.

मी घाबरले नाही. खरंच सांगते, मला आनंद झाला. पण मी पडले मास्तरीण — सवय वाईट. आधी खात्री करायची, मग विश्वास. उठले, टेबलाकडे धावले आणि माऊस अडकलाय का, हलतोय का ते बघायला त्यावर हात ठेवला.

नेमके तेव्हा आबांनी डोळे उघडले. त्यांनी चौकट पाहिली. मग माझा हात पाहिला.

"शैले," ते हळू आवाजात म्हणाले, "हात काढ."

"आबा, मी नाही केलं. आपोआप झालं. शपथ."

"व्हय," आबा म्हणाले. "रिपोर्ट बी आपोआपच सुदारला हुता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "गुणाची हाईस. बंद कर आता," म्हणाले आणि कागद घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पाटील सरांना गाठलं. ते संध्याकाळी येऊन मशीनच घेऊन गेले. पाच दिवस त्यांच्याकडे चालू ठेवलं. तेच विमान, तोच माऊस, तीच दिशा. काही झालं नाही. "माऊस बिघडला असेल तर आकडा हलेल, मॅडम," ते म्हणाले, "पण मग तो कुठेही थांबेल. बरोबर एकोणसाठवर का थांबेल?" मी म्हटलं, तेच तर मी तुम्हाला विचारतेय. सरांनी माझ्याकडे जरा वेगळंच पाहिलं. मला वाटतं त्यांनाही वाटलं, मीच केलं असेल. बिचारी लेक, काय करणार.

दुसऱ्या रविवारी मी ठरवूनच बसले. २६९ घातलं आणि माऊसची वायर काढून माऊस आबांच्या मांडीवर ठेवला. की-बोर्ड काढून पलंगावर टाकला. स्वतः खिडकीत जाऊन हात बांधून उभी राहिले. "आता बघा," म्हटलं. "आता डोळे मिटू नका."

दहा वाजले. अकरा, साडेअकरा. मी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते, त्या दिवशी मनातल्या मनात एका मेलेल्या माणसाच्या विनवण्या करत होते. गणपाकाका, फिरवा. एकदाच फिरवा, ते बघतायत. मला दाखवून काय उपयोग, त्यांना दाखवा... आकडा ढिम्म हलला नाही.

पाऊणच्या सुमारास निळ्याच्या पलीकडे तपकिरी रेघ दिसली. साडेआठ तास जिथे पाणीच दिसायला हवं होतं तिथे साडेचार तासांत किनारा आला. मग अरबस्तानची वाळू. नुसती वाळू, ना झाड, ना रस्ता, ना घर. आबा पुढे वाकून बघत राहिले. मी जेवायला चला म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दोन तास त्या वाळूवरून विमान जात होतं.

"राती आसनार ह्ये," शेवटी आबा म्हणाले. "वर ढग, खाली अंधार. ही वाळू बी त्येला समिंदरच वाटला आसंल."

मी बंद करायला गेले तर की-बोर्ड नव्हता, माऊस त्यांच्या मांडीवर. मी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

त्यानंतर आबा डायलिसिसला यायचे, पण नेलं तसं येऊन पडायचे. डिसेंबरात छातीत पाणी झालं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे त्यांनी एकच विचारणं लावलं. सकाळ-दुपार, नर्स असली तरी, पाटील सर बसलेले असले तरी.

"शैले, येकदा खरं सांग. तू फिरवलास न्हवं आकडा?"

"नाही आबा."

दहा-बारा दिवस मी 'नाही' म्हणत होते. प्रत्येक वेळी ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मान वळवायचे. आपली मुलगी आपल्याशी शेवटपर्यंत खोटं बोलतेय याचंच त्यांना दुःख होतंय असं मला वाटायला लागलं. डॉक्टरांनी आता काही हातात नाही असं सांगितलं होतं. मी कित्येक दिवस धड झोपले नव्हते. एका दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं, हे एकदाचं संपू दे. त्यांना एवढंच हवंय तर देऊन टाकू. एकदा तरी लेक खरं बोलली असं वाटून शांत पडतील.

मी म्हटलं, "हो आबा. मीच फिरवला."

आबांनी माझा हात घट्ट धरला. "बरं झालं बोललीस," म्हणाले. डोळे मिटले. चेहरा खरंच निवळला, आणि मला वाटलं, चला, बरं केलं मी. मग मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले,

"म्हंजे एकुणसत्तरच लिवलं त्येनं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते माझी परीक्षा घेतच नव्हते. बारा दिवस मी 'नाही' म्हणत होते आणि बारा दिवस त्यांना थोडी आशा होती. विश्वास बसत नव्हता, पण पुन्हा पुन्हा विचारत होते, कारण 'नाही' ऐकायचं होतं.

मी लगेच म्हटलं, आबा, मी खोटं बोलले, आत्ता खोटं बोलले, मी नाही फिरवला. त्यांनी हात थोपटला, बस्स. त्या रात्रीपासून त्यांची शुद्ध हरपत गेली. दोन दिवस मी कानाशी तोंड नेऊन तेच सांगत राहिले — तुमची चूक नव्हती, गणपाकाकांनी बरोबर लिहिलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

याला आता बरीच वर्षं झाली. तो कॉम्प्युटर मी ठेवला होता. सुट्टीत दोनशे एकोणसत्तर घालून बसायचे, संध्याकाळ होईपर्यंत. एकदाही आकडा हलला नाही, आणि पुढे मशीनच बंद पडलं. ते काय होतं मला सांगता येत नाही. प्रोग्रॅममधला दोष म्हणा, माऊस म्हणा. थकलेल्या बाईला दिसलेलं काहीतरी म्हणा, माझी हरकत नाही, मीही तसंच म्हणाले असते. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा. पण कारण नाही सापडलं तरी चालेल. मी माऊसवर हात नंतर ठेवला, आकडा त्याआधीच एकोणसाठवर गेला होता... एवढं तुमच्यापैकी एकाने तरी खरं माना.